पिट्ठू पाठीवर आणि पोटात फक्त अंडी

पत्र: मॅडम, मी २४ वर्षांचा, मूळ सिन्नर तालुक्यातला, घर नाशिकरोडला. फौजेत पाच वर्षं झाली. सध्या दीड महिन्याच्या सुट्टीवर आहे. सुट्टी संपली की एका कठीण कोर्सला जायचंय, त्यात पाठीवर वीस किलोचा पिट्ठू घेऊन लांब पल्ल्याचे मार्च असतात. त्यानंतर उंचावरची पोस्टिंग. जिममधला मित्र म्हणाला, चपाती-भात म्हणजे साखरच, ते बंद कर, चरबी जळेल. बाबांना शुगर आहे, त्यांचाही भात डॉक्टरांनी कमी केलाय, म्हणून मला पटलं. तीन आठवडे सकाळी सहा अंडी, दुपारी चिकन किंवा पनीर, रात्री पुन्हा अंडी आणि पावडर. वजन ६८ वरून ६४ वर आलं. पण परवा पिट्ठू घेऊन अंजनेरी चढायला गेलो तर अर्ध्या वाटेत पाय मणामणाचे झाले, कॉलेजची पोरं मला मागे टाकून गेली. दिवसभर चिडचिड होते. आई रोज ताटात भात वाढते, मी बाजूला सारतो, आता ती माझ्याशी बोलत नाही. बरोबर कोण? — एक जवान

उत्तर: तुला अरे-तुरे करते, राग मानू नकोस, माझा धाकटा तुझ्याच वयाचा आहे. पत्रात युनिटचं आणि कोर्सच्या ठिकाणाचं नाव लिहिलं होतंस, ते छापताना काढून टाकलंय. पुढच्या वेळी मलाही कळवू नकोस.

आईचं बरोबर आहे. मित्राचं त्याच्यापुरतं बरोबर असेल. दिवसभर खुर्चीत बसून संध्याकाळी पाऊण तास वजनं उचलणाऱ्याच्या ताटाला जो नियम, तो तुझ्या ताटाला लावलास, तिथे गडबड झाली.

आधी त्या चार किलोंचा हिशेब करू, कारण पत्रात तू त्यावर जरा खूश दिसतोस. भात, भाकरी, पोहे, केळं, गूळ, बटाटा यांतल्या कर्बोदकांचं पोटात गेल्यावर मुख्यतः ग्लुकोज होतं. लगेच न लागलेलं ग्लुकोज शरीर ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं. तुझ्या अंगकाठीच्या माणसाच्या स्नायूंत साधारण चारशे ग्रॅम, यकृतात आणखी शंभरेक. हे ग्लायकोजेन एका ग्रॅममागे जवळपास तीन ग्रॅम पाणी धरून बसतं. भात-भाकरी बंद झाली, साठा उतरला, त्याच्याबरोबर पाणीही गेलं. म्हणजे चारातले दीड-दोन किलो पहिल्या आठवड्यातच लघवीवाटे गेले असणार. वजनकाट्याला चरबी आणि पाणी यांतला फरक कळत नाही, अंजनेरीला कळला.

चढावर काय झालं ते आता बघ. शरीराकडे इंधनाची दोन कोठारं आहेत. चरबीचं मोठं. तुझ्यासारख्या सडसडीत पोरातही आठ किलो चरबी सहज असते, ग्रॅमला ९ कॅलरी धरल्या तर सत्तर हजार कॅलरींचा ऐवज. ग्लायकोजेनचं कोठार त्यापुढे चिमुकलं, ग्रॅमला ४ कॅलरी आणि सगळं मिळून दोन हजार. मग मोठ्या कोठारावरच का चालू नये? कारण चरबी सावकाश जळते, आणि तेवढ्याच कामाला तिला प्राणवायूही जास्त लागतो. गोदाघाटावर फेरफटका मारायला ती पुरते. पिट्ठू घेऊन चढ सुरू झाला, सलग एक वाक्य बोलता येईना झालं, की स्नायू ग्लायकोजेन मागतात. ते नसलं की वेग आपोआप उतरतो, मग मनाचा निर्धार कितीही असो. तुझे पाय जड झाले त्याचा धैर्याशी काही संबंध नाही, हे मुद्दाम सांगते. कारण पत्रात पुढे 'मी कमकुवत झालोय का' असं तू दोनदा विचारलंयस.

ओझं घेऊन चालण्याचा खर्च मोजायचं एक सूत्र आहे, सैनिकांसाठीच बनवलेलं. त्यात तुझे आकडे घालून पाहिले. वजन ६५ किलो, पाठीवर २०, वेग ताशी सहा किलोमीटर. सपाट रस्त्यावर तासाला सुमारे चारशे कॅलरी. तोच वेग ठेवून पाच टक्के चढ आला की सहाशेच्या पुढे. म्हणजे चार-पाच तासांच्या मार्चमध्ये भरलेलं कोठारसुद्धा तळ गाठू लागतं. तू ते निघण्याआधीच झाडून पुसून ठेवलं होतंस.

हे काही आजचं ज्ञान नाही. १९६७ साली स्वीडनमध्ये संशोधकांनी मांडीच्या स्नायूतून सुईने चिमूटभर तुकडा काढून ग्लायकोजेन मोजलं, आणि त्याच माणसांना वेगवेगळं जेवण देऊन दमेपर्यंत सायकल मारायला लावली. नेहमीच्या मिश्र जेवणावर ती दोन तासांच्या जरा आत थकली. कर्बोदकं काढून फक्त प्रथिनं आणि चरबी दिली तेव्हा तासाभरातच. कर्बोदकांनी भरलेल्या जेवणावर मात्र पावणेतीन तास टिकली. तुझा मित्र म्हणेल, शरीराला सवय होऊ दे. सवय होते, खोटं नाही. ऑस्ट्रेलियात चालण्याच्या शर्यतीतल्या अव्वल खेळाडूंवर झालेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन आठवडे चरबीवर राहिल्यावर त्यांची चरबी जाळण्याची ताकद खरंच वाढली होती. पण त्याच वेगाला आता प्राणवायू जास्त लागत होता, आणि एवढं कसून प्रशिक्षण घेऊनही त्यांची वेळ सुधारली नाही. भरपूर कर्बोदकं खाणाऱ्यांची सुधारली.

माझीही एक फजिती सांगते. काही वर्षांपूर्वी आषाढी एकादशीला मैत्रिणींबरोबर ब्रह्मगिरीला गेले होते. पहाटे निघायचं म्हणून फराळ केला नाही, नुसता बिनसाखरेचा चहा घेतला. (उपवासाचं ताट खाल्लं असतं तर बरं झालं असतं. भगर, साबुदाणा, बटाटा, रताळं, म्हणजे जवळजवळ सगळी कर्बोदकंच.) परतीच्या पायऱ्यांवर हात थरथरू लागले, कपाळाला गार घाम सुटला. मैत्रीण काहीतरी विचारत होती, शब्द ऐकू येत होते, उत्तर सुचत नव्हतं. कठड्याशी टेकलेल्या एका आजींनी पदराची गाठ सोडून राजगिऱ्याची वडी माझ्या हातावर ठेवली. दहा-पंधरा मिनिटांत डोकं ताळ्यावर आलं. आहारावर लोकांना सल्ले देणारी बाई, आणि तिला वाचवलं पदराच्या गाठीने! मेंदू एकटाच दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज वापरतो. तुझी चिडचिड तिथून येत असेल असा माझा अंदाज आहे. आणि मी तर फक्त पायऱ्या उतरत होते, तुला त्या अवस्थेत नकाशा वाचायचा असेल, हत्यार हाताळायचं असेल.

बाबांच्या भाताबद्दल. त्यांच्या शरीराला रक्तातलं ग्लुकोज पेशींत ढकलायला अडचण होते, म्हणून डॉक्टरांनी प्रमाण बांधून दिलं. तुझे स्नायू काम करताना इन्सुलिनची फारशी वाट न बघता रक्तातून ग्लुकोज ओढून घेतात. (म्हणूनच बाबांनाही जेवणानंतर अर्धा तास चालायला सांग.) पातेलं एक असलं तरी ताटं दोन असू शकतात, यात आईला काही अवघड नाही.

आता किती खायचं. माणसाने रोज एकसारखंच खावं हा हट्ट आधी सोड. हलक्या दिवशी, म्हणजे तासभर पीटी आणि बाकी आराम, शरीराच्या दर किलोला ५ ग्रॅम कर्बोदकं पुरतात. ६५ किलोला सव्वातीनशे ग्रॅम. दोन-तीन तास घाम गाळायचा दिवस असेल तर किलोला ८ ग्रॅम, म्हणजे ५२० च्या घरात. दिवसभर ओझं घेऊन चालायचं असेल तर त्याहूनही वर. तू पाठवलेल्या यादीत मला जेमतेम पन्नास-साठ ग्रॅम सापडली, त्यातली बरीचशी दुधातली. एकूण कॅलरी १८०० च्या आसपास भरतात. आपल्याकडच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये ६५ किलोच्या, जड काम करणाऱ्या पुरुषाला ३४७० धरल्या आहेत. अर्धीच शिदोरी घेऊन तू डोंगर चढायला निघाला होतास.

५२० ग्रॅम ऐकायला भयंकर वाटतं, ताटात तितकं दिसत नाही. साठ ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी साधारण ४० ग्रॅम देते. तीस ग्रॅम पिठाची चपाती २०. पाऊण वाटी कोरडा तांदूळ शिजवलास तर शंभराच्या जवळ. ऐंशी ग्रॅम पोह्यांचे कांदेपोहे ६०, केळं २० ते २५. सकाळी निघताना दोन केळी आणि गोड चहा, वाटेत खायचं ते वेगळं, आल्यावर पोहे आणि दूध, दुपारी दोन भाकऱ्या, भात, उसळ, संध्याकाळी दोन लाडू, रात्री चार चपात्या आणि वरण. झाली बेरीज. अंडी-चिकन सोडू नकोस, तुझ्या वजनाला रोज शंभरेक ग्रॅम प्रथिनं हवीतच. पण कर्बोदकं कमी पडली तर शरीर त्याच प्रथिनांचं ग्लुकोज करून जाळतं. पावडरीच्या डब्याला मोजलेले पैसे असे चुलीत जातात.

मार्चच्या आधी काय, हा प्रश्न तू विचारला नाहीस, पण गोंधळ तिथेच जास्त होतो. खरी भरती आदल्या रात्रीच्या जेवणात होते, कारण रिकामं कोठार पूर्ण भरायला चोवीस तास लागतात. पहाटे साडेचारला कोणी थाळी जेवत नाही. तासभर आधी दोन केळी किंवा गूळ-चपाती, गोड चहा, बस. कडधान्यं, पालेभाजी, तळलेलं आधी नको. चोथा आणि तेल पोटात रेंगाळतात आणि तिसऱ्या किलोमीटरला झुडूप शोधायची पाळी येते. नाशिककर असल्यामुळे वेगळं सांगावं लागतंय: मिसळ आल्यावर. धावण्याआधी तर्री पिऊन मैदानावर आलेली मुलं मी पाहिली आहेत, पुढचं वर्णन नको. धाव संपल्यावर मात्र तीन पाव खा, मी काही बोलणार नाही.

वाटेतल्या खाण्याला तर अनेकजण कमीपणा मानतात. खडतर जवान म्हणजे न खाता चालणारा, असं काहीतरी डोक्यात बसलंय. बीपीईटीच्या, म्हणजे फौजेतल्या शारीरिक क्षमता चाचणीच्या, पाच किलोमीटर धावेत खिशात काही नसलं तरी चालतं, अर्ध्या तासाच्या आतला खेळ आहे. पण दीड तासाच्या पुढे गेलास तर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायलाच हवीत. एकदम नाही, दर वीस मिनिटांनी दोन घास. अडीच-तीन तासांच्या पुढे ९० ग्रॅमपर्यंतही नेता येतं, पण त्याला एक अट आहे. आतड्यातून ग्लुकोज आत घ्यायला एक दार आहे, त्यातून तासाला साधारण ६० ग्रॅमच जातं. फळातल्या साखरेचं, फ्रुक्टोजचं, दार वेगळं. दोन्ही साखरा मिसळून दिल्या तर दोन्ही दारं चालू राहतात. महागड्या जेलच्या पाकिटात हीच युक्ती भरलेली असते. आणि ती आपल्या निफाड-दिंडोरीच्या बेदाण्यात निसर्गानेच करून ठेवलीय, त्यात दोन्ही साखरा जवळपास निम्म्या-निम्म्या. गुळात आणि साध्या साखरेतही तसंच. तीस ग्रॅम बेदाणे, म्हणजे एक मोकळी मूठ, २३ ग्रॅम कर्बोदकं देतात, आणि पाऊचमध्ये दोन दिवस राहिले तरी बिघडत नाहीत.

पण मला सगळ्यात भरवशाची वाटते ती दशमी. दुधात गूळ विरघळवून त्यात कणीक मळायची, पाणी अजिबात घालायचं नाही, म्हणजे ती टिकते. चाळीस ग्रॅम कणीक आणि पंधरा ग्रॅम गूळ धरला तर एका दशमीत चाळिसेक ग्रॅम. चार तुकडे करून कागदात गुंडाळ, म्हणजे चालताना पिट्ठू न उतरवता एका हाताने खाता येते. आपल्याकडे प्रवासाला निघणाऱ्याच्या फडक्यात दशमी बांधायचे ते काही नुसतं मायेपोटी नव्हतं.

पिण्यासाठी एक लिटर पाण्यात साखरेचे बारा सपाट चमचे (साठ ग्रॅम), पाव चमचा मीठ, एक लिंबू. याहून दाट केलंस तर मळमळतं. दुसऱ्या बाटलीत साधं पाणीच ठेव, आणि सरबताची बाटली त्याच रात्री गरम पाण्याने धू, नाहीतर आंबते. पाणी तहानेच्या जरा आधी आणि घोट घोट. तासाला लिटरच्या पुढे ढोसणं हाही धोका आहे, रक्तातलं मीठ पातळ होऊन माणूस कोसळतो, आणि बघणाऱ्याला वाटतं पाणी कमी पडलं.

आल्यावर तासाभरात पोटभर खा. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा निघायचं असेल तर हे फार महत्त्वाचं, सुट्टी असेल तर तितकं नाही.

सैन्याला हे शिकवायची गरज नाही. माझे वडील तोफखान्यात होते, आमची काही वर्षं देवळाली कॅम्पात गेली. एक्सरसाइझहून परत आले की ते पिट्ठूच्या तळाशी उरलेले शकरपारे आम्हा भावंडांना वाटायचे. कॅनव्हासचा वास लागलेले, कडक, दाढेखाली धरून बसावं लागे असे. मैदा, साखर, तूप. पाणी नाही म्हणून खराब होत नाहीत, चूल नको, ताट नको. म्हैसूरची संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळा १९६१ पासून जवानाचा शिधा टिकाऊ आणि हलका कसा होईल यावर काम करते. २०२३ पासून तर सैन्याने शिध्यात ज्वारी, बाजरी, नागलीचं पीठही परत आणलं, धान्याच्या वाट्याच्या पंचवीस टक्क्यांपर्यंत. म्हणजे ज्या भाकरीला तू नाही म्हणतोस ती लंगरात तुझी वाट बघतेय. पेठ-सुरगाण्याकडची नागली तर शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम देते, सुट्टीत रोज खा. फक्त मार्चच्या सकाळी नको, तिच्यातही चोथा आहे.

कोर्समध्ये खाणं मिळत नाही असं नसतं, खायला वेळ आणि इच्छा राहत नाही. अमेरिकेत नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला रेंजर प्रशिक्षणार्थींवर लक्ष ठेवून अभ्यास झाला. आठ आठवड्यांत त्यांचं सरासरी पंधरा टक्के वजन उतरलं, हार्मोन्स खाली गेले, आजारपणं वाढली. पुढच्या तुकडीचं रोजचं खाणं थोडं वाढवलं तेव्हा आजारपणं कमी झाली. ती पोरं तुझ्याहून भरलेली होती. तू ६४ वर असताना आणखी उतरवण्याच्या नादी लागू नकोस.

उंचावर हाच मुद्दा आणखी टोकदार होतो. तीन-साडेतीन हजार मीटरच्या वर भूक मरते, आणि प्राणवायू तर आधीच तुटपुंजा. एक लिटर प्राणवायूत कर्बोदकांपासून पाच कॅलरी मिळतात, चरबीपासून ४.७. फरक कागदावर लहान आहे, तिथे धाप लागलेली असताना लहान राहत नाही. जेवण नको वाटलं तरी गोड चहा, खिचडी, बेदाणे थोडे थोडे चालू ठेव. चक्कर, सतत डोकेदुखी, उलटी झाली तर ते खाण्याने बरं होईल म्हणून थांबू नकोस, सरळ युनिटच्या डॉक्टरकडे जा.

आजपासून एकदम पातेलंभर भात खाऊ नकोस. चार दिवसांत हळूहळू वाढव, नाहीतर पोट फुगेल आणि दोष भातावर येईल. आठवड्यात दीड-दोन किलो वजन वाढेल, घाबरू नकोस, ते कुठून गेलं होतं ते वर सांगितलंय. दहाव्या दिवशी पुन्हा अंजनेरी. तोच पिट्ठू, तीच वेळ, पाऊचमध्ये दशमी. कोर्सला जे खाणार आहेस ते सगळं इथेच खाऊन बघ, नवीन पदार्थ मार्चच्या दिवशी पहिल्यांदा तोंडात घालायचा नसतो.

राहिली आई. ताट बाजूला सारल्याबद्दल माफी वगैरे मागू नकोस, ती म्हणेल त्यात काय एवढं आणि विषय आणखी लांबेल. संध्याकाळी स्वयंपाकघरात जा आणि कोर्सला न्यायला शकरपारे करून दे म्हण. मोहन जरा बेताचं घालायला सांग. घरच्यासारखे खुसखुशीत झाले तर पाऊचमध्ये त्यांचा भुगा होतो.